खिशातला म्युझिक प्लेअर, कंपनीची बस आणि माझे कान

राजेंद्रनगरकर:

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहिणं फारसं होत नाही, पण गेल्या महिन्यात जे कळलं ते आपल्यातल्या चार जणांना तरी वेळेवर कळावं असं मनापासून वाटलं म्हणून धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो आणि नोकरी पीथमपूरला. १६ वर्षं कंपनीच्या बसनं जातोय, जाताना पाऊण तास येताना पाऊण तास, आणि या १६ वर्षांत कानात काही न घालता बसमध्ये बसलोय असं क्वचितच झालं असेल. फोन नाही हं, वेगळा म्युझिक प्लेअर. आधी तो छोटा क्लिपवाला होता खिशाला अडकवायचा, मग स्क्रीनवाला घेतला, आता मेमरी कार्डवाला आहे आणि त्यात नुसतं शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ठासून भरलंय. माझ्यासाठी दिवसातला तोच दीड तास माझा असतो, त्यामुळे हे सगळं मी प्लेअरवर राग काढायला लिहीत नाहीये.

झालं असं की जुलैत एका रात्री लाईट गेली म्हणून सगळे गच्चीवर जाऊन बसलो. पाऊस नुकताच थांबला होता. बायको म्हणाली, काय किरकिर लावलीय या रातकिड्यांनी. मी म्हटलं कुठेय किरकिर? तर मुलगी म्हणाली, बाबा अहो केवढ्यानं ओरडतायत, त्या कढीपत्त्याच्या कुंडीमागे. मला वाटलं चेष्टा करतेय. उठून कुंडीपाशी गेलो, खाली वाकलो, डाव्या कानाला अगदी बारीक, लांबून आल्यासारखं काहीतरी लागलं. मान वळवून उजवा कान लावला तर काही नाही. शांत. हातातल्या टॉर्चच्या उजेडात तो किडा मला दिसत होता, पंख थरथरत होते त्याचे, आणि आवाज नाही. ते जे वाटलं ना तेव्हा ते मला इथे नीट लिहिता येणार नाही.

आठवड्याभरात कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेलो. त्या बंद खोलीत बसवून हेडफोन लावतात, बारीक शिटी ऐकू आली की बटण दाबायचं, ती तपासणी झाली. कागदावर आलेख येतो. माझी रेघ २००० हर्ट्झपर्यंत (हे आवाजाच्या पट्टीचं माप, आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक) ठीकठाक, मग ४००० ला एकदम खाली, आणि ८००० ला परत थोडी वर. मधे खड्डा. डॉक्टरांनी तो कागद बघून पहिला प्रश्न विचारला, मशीनवर काम करता का? म्हटलं नाही हो, मी अकाउंट्सला आहे. मग म्हणाले, कानात काय घालता?

त्यांनी सांगितलं की कानाच्या आत शंखासारखा जो भाग असतो त्यात केसांसारख्या पेशी असतात, एका कानात साधारण १५-१६ हजार, आणि माणसाच्या त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. मोठ्या आवाजानं आधी जातात त्या ४००० च्या आसपासच्या. आणि रातकिड्यांचा आवाजही साधारण ४-५ हजार हर्ट्झचा असतो. म्हणून तो गेला आणि बायकोचं बोलणं राहिलं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. मी स्वतःला कधीच मोठ्यानं ऐकणारा समजत नव्हतो. डीजेबिजेचा मला तिटकारा. पण घरी आल्यावर एक प्रयोग केला. माझ्या प्लेअरवर ० ते ४० आकडे आहेत, बसमध्ये मी २८-२९ ला ठेवायचो आणि ते मला अगदी सौम्य वाटायचं. रात्री ११ वाजता, पंखा बंद करून, तोच राग तोच आकडा लावला आणि दचकून इअरफोन काढून फेकले. खोलीत शांततेत मला १५-१६ ला छान ऐकू येत होतं. म्हणजे वरचे १२-१३ आकडे मी गाण्यासाठी वाढवतच नव्हतो, इंजिनाचा आवाज झाकायला वाढवत होतो. आणि कानाला काय, इंजिनाचा आवाज वेगळा आणि गाण्याचा वेगळा असं काही नसतं, दोन्ही आतच जातात.

तर तुमच्याकडे प्लेअर असो नाहीतर फोन, आज रात्री हा प्रयोग नक्की करून बघा. प्रवासात ज्या आकड्याला ऐकता तो लक्षात ठेवा आणि घरी शांततेत त्याच आकड्याला लावा. इअरफोन आधी हातात धरून, लगेच कानात नका घालू. आणि काय होतं ते इथे लिहा.

सुदामानगरची_ताई:

वाचताना अंगावर काटा आला दादा. काळजी घ्या. माझे मिस्टर रोज प्लेअर लावून फिरायला जातात, आज त्यांना हे वाचून दाखवते.

कानाची_ताई_बडोदा:

राजेंद्रनगरकर, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी बडोद्याला हेच काम करते, त्या बंद खोलीच्या बाहेर बसून शिट्या वाजवणारी मीच 🙂 रोज निदान एकतरी असा खड्डा बघते आणि आता तो २२-२५ च्या मुलांमध्ये दिसतो.

थोडं आकड्यांचं सांगते कारण त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी मर्यादा दिलीय ती ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास. आता लोकांना वाटतं ८० चालतं तर ८३ नं काय बिघडतं, थोडंसंच तर आहे. पण डेसिबल आपल्या बेरजेसारखे चालत नाहीत. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट, म्हणून वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला फक्त अडीच तास, आणि १०० ला गेलात तर आठवड्याला जेमतेम २० मिनिटं.

तुमचाच हिशोब घ्या. रोज दीड तास, ६ दिवस, म्हणजे आठवड्याला ९ तास. ८६ ला ऐकत असाल तर कसेबसे मर्यादेत. इंजिन झाकायला तुम्ही ९२ ला नेलंत तर मर्यादा अडीच तासांची आणि तुम्ही ९ ऐकताय, म्हणजे साडेतीनपटीच्या वर, आणि असं १६ वर्षं. डिझेलच्या बसमध्ये आतला आवाजच ८० च्या आसपास सहज जातो, त्याच्यावर गाणं ऐकू यायला हवं म्हटल्यावर माणूस कुठे नेऊन ठेवेल ते बघा.

एक विचारू? उजवा कान जास्त का गेला? प्लेअरमुळे सहसा दोन्हीकडे सारखं होतं.

राजेंद्रनगरकर:

ताई, हे डॉक्टरांनीही विचारलं होतं आणि तेव्हा मला आठवलंच नाही. रात्री झोपताना आठवलं. माझ्या आधीच्या इअरफोनची वायर पिनेजवळ तुटली होती, डावा बंद पडला, उजवा चालू. नवा घेऊ घेऊ म्हणत ७-८ महिने मी एकाच कानानं ऐकलं. आणि अर्थातच एकाच कानात म्हटल्यावर आवाज वाढवला होता.

कानाची_ताई_बडोदा:

बरोबर, तेच असणार. दोन्ही कानांनी ऐकलं की मेंदूला तोच आवाज जास्त मोठा वाटतो, एकच कान राहिला की माणूस नकळत वाढवतो. शिवाय दुसऱ्या मोकळ्या कानातून बसचा आवाज येतच असतो. एक बाजू बंद पडलेले इअरफोन लोक वर्षानुवर्षं वापरतात, कृपा करून वापरू नका, दीडशे रुपयांचा साधा नवा परवडला.

तंबोरा:

मी सत्तरीचा आहे, इंदूरलाच लोकमान्यनगरात असतो. यावर शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगाविशी वाटते जी तरुण मंडळींना कदाचित लागू नाही. आपल्या इंदूरचे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ साहेब घ्या. झुमरा तालातला त्यांचा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला ख्याल, सुरुवातीचा तो खर्जातला आलाप म्हणजे कुजबुज असते हो, तंबोऱ्याच्या आत मुरलेली. बाहेर, रिक्षात, गाडीत तो ऐकूच येत नाही. मग आपण आवाज चढवतो, चढवतो, तो स्वर कुठे लागला ते ऐकायला जीव कासावीस होतो. आणि वीस मिनिटांनी द्रुत, म्हणजे जलद लय येते, तबला खुलतो, ताना सुरू होतात, तेव्हा आवाज आधीच वर चढवलेला असतो आणि आपण रंगलेलो असतो, कमी करायचं भानच राहत नाही. फिल्मी गाण्यात सुरुवात आणि शेवट साधारण एकाच पातळीचे असतात, आपल्या गाण्यात तसं नाही.

म्हणून मी प्रवासात आता विलंबित ऐकतच नाही. बाहेर भजनं, नाट्यपदं, बोलण्याचे कार्यक्रम. ख्याल घरी, दुपारी, खिडक्या लावून. त्या गाण्याचा तो मान आहे असंही मला वाटतं.

राजेंद्रनगरकर:

तंबोरा काका, अगदी अगदी हेच. माझ्या प्लेअरमध्ये ७० टक्के विलंबितच आहे. तुमचा हा प्रतिसाद मी कापून ठेवतोय.

भंवरकुआं_बॉय:

मी कॉलेजला आहे आणि मला खरंच विचारायचंय कारण मला भीती वाटली वाचून. मी रात्री अभ्यास करताना ४-४ तास लावून असतो, बेस आवडतो मला. प्लेअर आहे माझ्याकडे चायनीज, त्यात डेसिबलबिसिबल काही दाखवत नाही नुसती दांडी वर जाते. मग कळणार कसं किती आहे ते, ते ६० टक्क्यांचं म्हणतात ते खरं का, म्हणजे आवाज ६० टक्के आणि ६० मिनिटं ऐकायचं

वायरमन_मालवा:

मला या यंत्रांचा नाद आहे, दुरुस्तीही करतो, म्हणून सांगतो. ६० टक्के ६० मिनिटं ही गोष्ट चांगलीच आहे, काहीच न पाळण्यापेक्षा ती पाळा, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. कारण प्लेअरवरचा आकडा हा नुसता प्लेअरचा असतो, कानात किती जातंय ते इअरफोनवर ठरतं. काही इअरफोन कमी ताकदीत खूप वाजतात, खासकरून कानात रुतून बसणारे १६ ओहमवाले (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध). मोठे हेडफोन २५०-३०० ओहमचे असले तर त्याच आकड्याला मिणमिणतात. मी एकाच प्लेअरला ३० आकड्यावर दोन्ही लावून दाखवतो लोकांना, एक जेमतेम गुणगुणतो आणि दुसरा हातात धरला तरी पलंगापर्यंत ऐकू येतो. म्हणून इअरफोन बदललात की तुमचा नेहमीचा आकडा विसरा, पुन्हा शून्यापासून वर या.

त्यातच अजून दोनतीन गोष्टी. मेमरी कार्डवाल्या बऱ्याच प्लेअरमध्ये गेन नावाचं सेटिंग असतं, आवाज किती ताकदीनं बाहेर सोडायचा त्याचं, लो आणि हाय. छोट्या इअरफोनला ते लो वरच हवं, हायवर राहिलं की दांडीचा एक घर म्हणजे मोठी उडी असते. आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवायची सोय बहुतेक प्लेअरमध्ये आत कुठेतरी लपलेली असते, शोधा. आयपॉडमध्ये ही सोय २००६ मध्ये आली होती, पालकांना नंबर टाकून कुलूप लावता यायचं. युरोपात विकायच्या प्लेअरना तर ८५ डेसिबलच्या आसपास इशारा द्यावाच लागतो. आपल्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त प्लेअरमध्ये असलं काही असेलच असं नाही.

आणि होल्डचं बटण! ते शोभेचं नाही. खिशात प्लेअर दाबला जातो आणि आवाज वर जातो, किंवा काल रस्त्यावर ३० वर ठेवलेला आज सकाळी घरात तसाच ३० वर सुरू होतो. माझी सवय आहे, आधी आवाज अगदी खाली, मग पिन लावायची, मग प्ले, मग कानात, मग हळूहळू वर. पिन खुपसताना जो खाट्ट आवाज येतो तो कानात असताना यायला नको.

भाऊ तू मात्र फोनवर ऐकत असशील तर बऱ्याच फोनमध्ये हेडफोनचा आवाज किती डेसिबल गेला त्याचा अंदाज आठवड्याभराचा दिसतो, आणि लाल रेषेवर गेलं की इशारा येतो. तो इशारा ओके करून पुढे जाऊ नको एवढंच.

भंवरकुआं_बॉय:

गेन हायवर होता 😟 बदलला. थँक्यू भाऊ

लोकमान्यनगर_फाटक:

सगळे कानाचं बोलतायत म्हणून मी जिवाचं बोलतो. आमच्याकडून इंदूर-महू लाईन जाते. मीटरगेजचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना माहितीय, ती गाडी दोन वळणं आधीपासून कळायची, खडखडाट करत शिट्या देत यायची. आता ब्रॉडगेज झालं, विजेचं इंजिन आलं, गाडी कधी अंगावर येते कळत नाही. आणि लोक सवयीनं फाटक सोडून मधूनच रूळ ओलांडतात.

मार्चमध्ये संध्याकाळची वेळ, एक मुलगा, पाठीवर बॅग, दोन्ही कानात काळे इअरफोन, खाली मान घालून निवांत रूळ ओलांडतोय. इंजिन हॉर्न देतंय, म्हणजे आम्ही ५० पावलांवर उभे तर कान बंद करावेसे वाटत होते इतका हॉर्न, आणि तो मुलगा वरसुद्धा बघत नाही. भाजीची टोपली घेऊन एक बाई पलीकडून येत होती तिनं टोपली टाकली आणि त्याला बॅगेला धरून मागे ओढलं. टोमॅटो सगळे रुळावर. गाडी गेल्यावर त्या मुलाच्या कानातून खाली लोंबणाऱ्या इअरफोनमधून गाणं चालूच होतं, मला ऐकू येत होतं तीन हातांवरून. तो थरथर कापत होता आणि ती बाई त्याच्यावर ओरडता ओरडता रडत होती.

मी नंतर शोधून वाचलं. अमेरिकेत २००४ ते २०११ मध्ये हेडफोन लावून पायी चालणाऱ्यांचे ११६ अपघात एका अभ्यासात गोळा केले होते, त्यातले ७० टक्के माणसं गेली. अर्ध्याहून जास्त अपघात रेल्वेचे. आणि जवळजवळ ३० टक्के ठिकाणी हॉर्न किंवा भोंगा वाजवला होता असं नोंदलेलं आहे. म्हणजे वाजवून उपयोग झाला नाही. रूळ असे ओलांडणं हा तसाही रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण दंडाचं कोण बघतंय, जीव जातोय हो.

फाटकापाशी, रस्ता ओलांडताना, स्कूटरवर, कानातून काढा. दोन्ही काढा. एका कानात ठेवून एक मोकळा हेही नको, आवाज कुठल्या बाजूनं येतोय हे दोन कान मिळून सांगतात.

सुदामानगरची_ताई:

बापरे. त्या बाईला नमस्कार सांगा माझा दिसली तर.

पलासिया_प्रवासी:

फाटकवाले दादा, पटलं पण मला एक मुद्दा मांडायचाय. बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन येतात ना ज्यांना नॉइज कॅन्सलिंग म्हणतात, राजेंद्रनगरकरांच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे. मी महिन्यातून दोनदा मुंबईला अवंतिका एक्स्प्रेसनं जातो, ते लावल्यापासून माझा आवाज निम्म्यावर आला. गाडीची घरघर कापली गेली की गाणं मोठं करायची गरजच उरत नाही.

लोकमान्यनगर_फाटक:

बसलेल्या माणसाला ठीक आहे. चालणाऱ्याला नाही. माझं म्हणणं तेवढंच.

कानाची_ताई_बडोदा:

दोघंही बरोबर आहात. गाडीत, बसमध्ये, विमानात सीटवर बसलेलं असताना बाहेरचा आवाज अडवणं हाच चांगला उपाय. महागडे नसले तरी रबराची टोपी असलेले, कानात नीट बसणारे साधे इअरफोनसुद्धा बराच आवाज अडवतात, फक्त टोपीचा आकार आपल्या कानाचा घ्या, डब्यात तीन आकार येतात आणि लोक मधलाच लावून मोकळे होतात. रस्त्यावर मात्र नको. कोणी विचारेल म्हणून आधीच सांगते, गालाच्या हाडावर टेकणारे जे हेडफोन निघालेत त्यात कान उघडा राहतो, रस्त्याच्या दृष्टीनं ते बरे, पण आवाज शेवटी त्याच शंखात त्याच पेशींपर्यंत जातो. मोठ्यानं लावले तर इजा तीच.

मालवी_माणूस:

सगळं खरंय पण मला मनातलं बोलू द्या. बिचाऱ्या प्लेअरच्या मागे लागलो आपण, आणि लग्नाच्या वरातीतला डीजे? नियमानं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालचा नियम आहे. आमच्या गल्लीत मांडव पडला की खिडकीच्या काचा थरथरतात, आजीला छातीत धडधडतं. त्या एका रात्रीत जे कानाला होतं ते प्लेअरनं वर्षात होणार नाही. आधी ते बंद करा.

राजेंद्रनगरकर:

दादा, डीजेबद्दल तुमच्याशी १०० टक्के सहमत, आणि त्यावर वेगळा धागा काढाच, मी सही करायला येतो. पण डॉक्टरांनी मला सांगितलेलं सांगतो. कान हिशोब एकाच वहीत लिहितो, बस, डीजे, मिक्सर, प्लेअर सगळं त्याच पानावर. डीजे बंद करणं माझ्या एकट्याच्या हातात नाही. प्लेअरचं बटण माझ्या अंगठ्याखाली आहे. आणि वरात वर्षातून चार रात्री, बस माझी ३०० दिवस. ज्या रात्री वरातीत किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना (चित्ररथांच्या मिरवणुकीला) रात्रभर उभे राहिलो त्याच्या पुढचे दोन दिवस आता मी कानात काही घालत नाही.

दोन_मुलांची_आई:

माझा मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६. आजोबांनी दोघांत एक प्लेअर दिलाय गाण्याच्या क्लाससाठी. लहान मुलांना किती चालतं? आणि दोघं एकेक कान वाटून घेतात, ते वर वाचून आता काळजीच वाटतेय.

कानाची_ताई_बडोदा:

ताई, मुलांसाठी मर्यादा कमी आहे, ७५ डेसिबल, आठवड्याला तेच ४० तास. वायरमन म्हणाले तशी कमाल मर्यादा सेटिंगमध्ये लावून टाका. मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या हेडफोनवर ८५ लिहिलेलं असतं, ते म्हणजे तिथवर गेलं तरी चालेल असं नाही. घरगुती खूण सांगते, मुलाच्या कानात लागलेलं असताना हातभर अंतरावरून तुम्ही नेहमीच्या आवाजात हाक मारा, त्याला कळली पाहिजे. आणि एकेक कान वाटून देऊ नका, रियाजाचंच ऐकायचंय तर छोटा स्पीकर लावा खोलीत, दोघं सोबत ऐकतील, सोबत गातीलही. इअरफोन दुसऱ्याचे वापरू नयेत हे एरवीही खरं, कानाचा संसर्ग तसाच पसरतो.

जुनी_इंदूरी_आजोबा:

पावसाळ्यात माझ्या कानाला फार खाज येते आणि दडा बसतो, मी रोज दोन तास अभंग ऐकतो ते कानात घालून. आमच्याकडे तेलात लसूण कडकवून ते घालतात कोमट करून. त्यानं बरं वाटतं थोडं. करू ना?

कानाची_ताई_बडोदा:

आजोबा, राग मानू नका, पण तेल नका घालू. तुमची लक्षणं ऐकून मला बुरशीची शंका येते, पावसाळ्यात फार बघते. इअरफोननं कान तासन्‌तास बंद, आत घाम, ओल आणि वरून तेल, म्हणजे बुरशीला घरच मिळालं. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन आणखी त्रास. कान-नाक-घसावाल्यांकडे एकदा दाखवाच, ते आत बघून स्वच्छ करून देतात. तोवर कानात घालायचं बंद, अभंग स्पीकरवर. आणि कापसाच्या काडीनं कोरू नका, मळ आतच ढकलला जातो. इअरफोनच्या रबरी टोप्या काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण सुकल्यावरच लावा, जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशनं, इअरफोन उलटा, जाळी खाली धरून म्हणजे मळ आत पडणार नाही.

जुनी_इंदूरी_आजोबा:

बरं बाळा. सोमवारी नातवाला घेऊन जातो.

तुळशीनगर_७४:

बॅटरीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मे महिन्यात माझा प्लेअर गाडीत डॅशबोर्डवर राहिला, गाडी उन्हात, दुपारी १ ते ५. बाहेर ४२ होतं, बंद गाडीत काचेखाली त्याच्याहून कितीतरी जास्त होतं. ही यंत्रं साधारण ३५ पर्यंत वापरायला आणि फार तर ४५ पर्यंत ठेवायला बनवलेली असतात. घरी आणला, चालू झाला, मी विसरलो. पंधरा दिवसांनी बघतो तर टेबलावर ठेवला की डुगडुगतोय. आडवा धरून बघितलं, मागचं झाकण मधे पोटासारखं फुगलेलं आणि स्क्रीनच्या कडेला नखाएवढी फट. आतली लिथियमची बॅटरी फुगली होती. आणि मी तोच रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपत होतो. मुलगा शेजारी झोपतो. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, झाकण बसवायला जोर लावू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. मी तो बाल्कनीत पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवला. सकाळी कचरागाडी आली तेव्हा ई-कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात हातानं नेऊन दिला, फुगलेली बॅटरी आहे असं सांगून. आपल्या इंदूरला गाडीत कचऱ्याचे सहा कप्पे आहेत ते अशासाठीच, सुक्या कचऱ्यात टाकला असता तर कुठे दाबला जाऊन पेटला असता सांगता येत नाही.

वायरमन_मालवा:

फार चांगलं केलंत. यात भर म्हणजे उशीखाली, गादीवर, रजईत चार्जिंग नको, उष्णता बाहेर जायला जागा लागते. चार्जर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) खुणेचा घ्या, फुटपाथवरचा ५० वाला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चार्जिंगला लावलेला असताना वायरवाले इअरफोन कानात घालू नका, स्वस्त चार्जर आतून फुटला तर भिंतीतली वीज वायरवाटे थेट डोक्यापर्यंत येऊ शकते. आधी चार्ज करा, पिन काढा, मग ऐका. जुना प्लेअर कपाटात ठेवून द्यायचा असेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा ठेवू नका, निम्मा भरून, बंद करून ठेवा.

सकाळची_चक्कर:

विजेवरून आठवलं. मी पीपल्यापाळा बागेत पहाटे चक्कर मारते, प्लेअर असतो सोबत. जूनच्या सुरुवातीला ढग गडगडायला लागले की आमच्यातले काहीजण तसेच झाडाखालून पळत राहतात कानात लावून. २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी एका माणसाबद्दल लिहिलं होतं. आयपॉड लावून धावत होता, जवळच्या झाडावर वीज पडली आणि तिथून त्याच्या अंगावर आली. छातीवरून मानेवरून दोन्ही कानांपर्यंत जिथून वायर गेली होती तिथून भाजल्याच्या रेघा, दोन्ही कानांचे पडदे फाटलेले, जबडा मोडलेला. जगला तो, पण ऐकू कमी येऊ लागलं. वायरमुळे वीज खेचली जाते असं नाही हं, पण घामानं भिजलेलं अंग आणि धातूची वायर यामुळे ती डोक्याकडे वळली. तेव्हापासून गडगडलं की मी काढून पिशवीत टाकते आणि झाडाखाली नाही, सरळ पक्क्या छपराखाली जाते.

भंवरकुआं_बॉय:

मी पण प्रयोग केला. रूममध्ये पंखा बंद, दरवाजा बंद. मी नेहमी ३४ वर ऐकतो ४० पैकी. कानातच घालवेना. आता १८ वर ठेवलंय, पहिले दोन दिवस सगळं बेचव लागत होतं खरं सांगतो, बेसच नाही असं वाटायचं, आज चौथा दिवस आणि आज मागे वाजणारं घुंगरू ऐकू आलं जे मी कधी ऐकलंच नव्हतं त्या गाण्यात. पण एक विचारायचं होतं ताई, आधी मी बंद केल्यावर रात्री कानात बारीक शिटी वाजायची, सकाळी जायची. ते काय होतं

कानाची_ताई_बडोदा:

तो कानानं दिलेला इशारा होता रे. पेशी दमतात तेव्हा असं होतं, विश्रांती मिळाली की सावरतात, पण रोज दमवल्या की एक दिवस सावरत नाहीत. एकदा आलेख काढून घे, तुझ्या वयात आधीचा कागद जवळ असलेला बरा. शिटी सकाळी गेली नाही, किंवा आठ म्हटलेलं साठ, सात म्हटलेलं हात असं ऐकू यायला लागलं, तर थांबू नको. आणि हे सगळ्यांसाठी, एका कानाचं ऐकू येणं अचानक, एका दिवसात कमी झालं तर मळ असेल म्हणून बसू नका, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा, त्यावरचं औषध लवकर सुरू झालं तरच जास्त लागू पडतं.

तंबोरा:

राजेंद्रनगरकर, आता बसमध्ये काय करता?

राजेंद्रनगरकर:

काका, घरी शांततेत ठरवलेला आकडा १६, बसमध्ये रबरी टोप्या नीट बसवून जास्तीत जास्त २०, त्याच्यावर कुलूप लावलंय. राऊ सर्कलच्या पुढे चढावर बस खूप घुरघुरते, तिथे २० ला काही कळत नाही, तर तेवढी दहा मिनिटं काढून खिशात ठेवतो आणि खिडकीबाहेर बघतो. येताना संध्याकाळी फक्त बोलण्याचे कार्यक्रम. विलंबित रविवारी दुपारी, तुमच्यासारखं, खिडक्या लावून. काल मुलगी शेजारी येऊन बसली तिलाही ऐकायचं होतं, मग प्लेअर छोट्या स्पीकरला जोडला. मधेच म्हणाली, बाबा, मागे ते सतत टिंग टिंग काय वाजतंय? मला नाही ऐकू आलं. तिनं मग बोटानं मांडीवर ठेका धरून दाखवला, कुठे कुठे वाजतं ते.

तंबोरा:

स्वरमंडळ असेल, गाताना छेडतात ते तारांचं वाद्य. कुठला राग होता ते सांगा, माझ्याकडे असेल तर मीही लावून बघतो. रविवारी तुमच्याकडे आलो तर चालेल का? लोकमान्यनगरहून पायी येईन.

राजेंद्रनगरकर:

या ना काका, चहा टाकतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आणि रूळ ओलांडून नका येऊ, फाटकानं या.